पायऱ्यांमागची ऊब

१

वासंतीबाईंना भुताखेतांचा राग होता. भीती नव्हे हं, राग. जन्म गेला बसवनगुडीतल्या शाळेत गणित शिकवण्यात, आणि जिची सिद्धता मांडता येत नाही अशी गोष्ट त्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. नवरात्रात हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी कुणाच्या अंगात आल्याच्या गप्पा काढल्या, की ह्या उसळीची वाटी पुढं करून म्हणायच्या, "खाऊन घ्या आधी. रिकाम्या पोटी असलंच सुचतं."

अशा बाईच्या घरी हे घडलं, म्हणून तर सांगायचं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. घरात माणसं मोजकी. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा व्यंकटेश सॉफ्टवेअरमध्ये, नुकताच काही महिने अमेरिकेत काढून आलेला. सून वीणा पुण्याची, तीही कॉम्प्युटरवालीच. आणि नात शाल्मली, जिला अजून रांगताही येत नव्हतं, पण घर तीच चालवत होती.

वीणाची रजा दसऱ्याला संपत होती. सोमवारपासून ती ऑफिसला जाणार आणि शाल्मली दिवसभर आजीपाशी राहणार, असं ठरलं होतं. वासंतीबाई वरवर म्हणायच्या, "बघू बाई, माझंही वय झालं." पण मनातून त्या सोमवारकडे डोळे लावून बसल्या होत्या. रिटायर झाल्यापासून कुणी त्यांच्यावर काही सोपवलंच नव्हतं.

एकच काटा होता. वासंतीबाईंची आई म्हातारपणी सगळं विसरत गेली होती. शेवटी शेवटी स्वतःच्याच घरात बसून म्हणायची, "आता मला घरी सोडा." वीणाला हे ठाऊक होतं. आणि मागच्याच महिन्यात वासंतीबाई गॅसवर दूध ठेवून फुलं आणायला गेल्या. पातेलं काळं झालं, दुसरं काही नाही. वीणा एक शब्द बोलली नाही. पण तेव्हापासून ती स्वयंपाकघरातून जाता येता गॅसच्या बटणाला हात लावून बघायची. वासंतीबाईंना ते दिसायचं आणि फार लागायचं.

२

गोंबे, म्हणजे बाहुल्या, नेहमीसारखे घटस्थापनेला मांडले. बंगळूरच्या मराठी घरांनी इथल्या लोकांकडून जे जे उचललं, त्यात डोशाच्या खालोखाल ही दसऱ्याची बाहुल्यांची मांडणी. हॉलच्या एका भिंतीला पायऱ्या रचायच्या: खाली लोखंडी ट्रंका, वर पत्र्याचे डबे, त्यावर व्यंकटेशची इंजिनिअरिंगची जाडजूड पुस्तकं, फटींत जुन्या साड्यांचे बोळे, आणि सगळ्यावर एक पांढरं धोतर. सगळ्यात वर पट्टाचे गोंबे, म्हणजे लाकडी राजा-राणी, वासंतीबाईंना लग्नात माहेरून मिळालेले. एकदा बसवले की त्यांना हलवायचं नाही. दशमीच्या संध्याकाळी आरती करून राजाला आडवं करायचं, झोपवायचं. राजा झोपला की सण संपला, मांडणी उतरवायला मोकळे.

ह्या वर्षी नवीन काय, तर व्यंकटेशचा व्हिडिओ कॅमेरा. तळहातावर मावणारा, अमेरिकेहून आणलेला. त्याची बॅटरी लिथियमची, एवढीशी पण खूप चालणारी, असं तो येईल त्याला सांगायचा. संध्याकाळी बायकापोरं गोंबे बघायला आली की लेकीचा पहिला दसरा टिपायचा, म्हणून बॅटरी रोज सकाळी चार्जिंगला लागायची. हॉलमध्ये थ्री-पिनची जागा एकच, ती नेमकी पायऱ्यांच्या मागं गेलेली. पायऱ्या आणि भिंत यांच्यात वीतभर फट. व्यंकटेश जमिनीवर आडवा व्हायचा, उजव्या बाजूनं खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि चाचपत बटण दाबायचा.

मूळ चार्जर त्यानं आल्या आल्याच कशात तरी लावून जाळला होता. हा दुसरा, त्याच्या जुन्या कॅमेऱ्याच्या बॅटरीचा, तारा तोडून जोडलेला.

"चालतं का रे असं?" वासंतीबाईंनी विचारलं होतं.

"व्होल्टेज मॅच होतंय ना अम्मा, मग झालं. स्वल्प डोकं लावलं की सगळं चालतं."

आईनं मान डोलावली. मुलगा इंजिनिअर झाल्याचं कौतुक कुठल्या आईला सुटतं?

शाल्मलीचा पाळणा त्याच हॉलमध्ये, पायऱ्यांच्या समोर टांगलेला, कारण छताला कडी तिथंच होती. दुपारी जेवणं झाली की वीणा वरच्या खोलीत घटकाभर पडायची आणि वासंतीबाई लाल जमिनीवर चटई टाकून दोरी ओढत बसायच्या. घराला त्या वेळी अशी काही शांतता यायची की बाहेरच्या नारळाचं पानसुद्धा ऐकू यावं.

अशाच एका दुपारी त्या पाणी प्यायला आत गेल्या आणि परत आल्या, तर राजा आडवा झाला होता.

३

पडला नव्हता. पडलेली बाहुली वेडीवाकडी पडते. हा वरच्या पायरीच्या पार उजव्या टोकाला, राणीपासून हातभर लांब, सरळ उताणा ठेवलेला होता. मान नीट, हात अंगालगत.

"मांजर असेल," वासंतीबाई मोठ्यानं म्हणाल्या. मांजर राजाला उचलून उजवीकडे नेऊन व्यवस्थित निजवेल का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. राजाला उचलून राणीशेजारी उभं केलं, हात जोडून "चुकलं माकलं" म्हटलं आणि दोरी धरली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच टोकाला, तसाच उताणा. ह्या वेळी त्याच्या अंगावर पांघरूण होतं, गळ्यापर्यंत ओढलेलं आणि कडेनं नीट खोचलेलं. वासंतीबाईंनी ते हातात घेतलं. ते शाल्मलीचं दुपटं होतं. त्या आत गेल्या तेव्हा ते शाल्मलीच्या अंगावर होतं.

त्या पाळण्याकडे धावल्या. शाल्मली उघडीच, पण खुशाल होती. पाय हवेत उडवत ती पायऱ्यांकडे बघत होती, बोळकं पसरून हसत होती.

गणिताच्या बाई त्या. चटईवर बसून त्यांनी शक्यता मांडल्या. दार आतून लावलेलं. वीणा वर. व्यंकटेश ऑफिसात. बाहेरचं कुणी आलेलं नाही. म्हणजे घरात एकच बाई उरली, जिला चालता येतं आणि जिला दुपटं खोचायची सवय आहे. उत्तर सरळ होतं. मीच केलं आणि मीच विसरले.

हे उत्तर त्यांना भुतापेक्षा भयंकर वाटलं. आई आठवली, तिचं ते "आता मला घरी सोडा" आठवलं.  वीणाला हे कळलं तर सोमवार संपलाच. आणि वीणाला न सांगावं, तर आपल्या भरवशावर हे पोर ठेवायचं कसं? आज पाळण्यातलं दुपटं उचललं, उद्या काय उचलेन?

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. राजाला जागेवर ठेवलं. ठेवताना उजव्या टोकाला हात टेकला, तर धोतर कोमट लागलं. उन्हानं असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. त्या बाजूला खिडकी नव्हती.

४

मग ते आवाज सुरू झाले.

वासंतीबाई स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीच्या उसळीला हरभरे भिजत घालत होत्या. हॉलमधून थोपटल्याचा आवाज आला. थप, थप, थप. मऊ, संथ, झोपाळू. वीणा खाली आली वाटतं, बरं झालं, असं म्हणून त्या हरभरे धूत राहिल्या. चांगलं वाटत होतं ऐकायला. त्या तालावर त्यांचाही डोळा जडावला.

तेवढ्यात मागच्या जिन्यावरून वीणा उतरली. हातात वाळलेल्या कपड्यांचा ढीग.

"आई, शाल्मली झोपली का?"

थोपटणं थांबलं होतं. वासंतीबाईंनी पातेलं खाली ठेवलं. "झोपेल आता," त्या कशाबशा म्हणाल्या आणि वीणाच्या आधी हॉलमध्ये पोचल्या. राजा उजव्या टोकाला पांघरूण घेऊन निजला होता. वीणा दारात यायच्या आत त्यांनी त्याला उभं केलं, दुपटं पदराखाली घेतलं. आपल्याच घरात चोरासारखं वागायची वेळ आली म्हणून त्यांना रडू येत होतं.

हॉलमध्ये गोडसर, उग्र वास होता. नखांचा रंग पुसायच्या द्रावणासारखा. वीणाचं काहीतरी असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. वीणानंही नाक मुरडलं आणि आईंची नवी अगरबत्ती असेल म्हणून सोडून दिलं. असंच असतं बघा. एका घरात राहणारी दोन शहाणी माणसं एकमेकींना विचारत नाहीत.

त्यापुढं वासंतीबाई दुपारी हॉल सोडीनाशा झाल्या. तहान लागली तरी उठायच्या नाहीत. तशा बसून असल्या की काही घडायचं नाही. फक्त पाठीला सारखं वाटायचं की मागं कुणीतरी वाट बघतंय. डोळ्याला डोळा लागला, अगदी क्षणभर, की राजा आडवा. नेहमी तिथंच, उजव्या टोकाला. ह्याला हीच जागा का, हे काही केल्या त्यांना सुटेना.

अष्टमीला व्हायचं तेच झालं. शेजारच्या सुनंदाबाई हळदीकुंकवाला वेळेआधीच आल्या. वीणानं दार उघडलं. वासंतीबाई मोरीत तोंड धुवायला गेल्या होत्या, तेवढीच फट मिळाली.

"अय्यो अक्का!" सुनंदाबाईंचा आवाज आला. "आज कशाला झोपवलंत राजाला? दसरा व्हायचाय की अजून! आणि हे पोरीचं दुपटं ह्याच्यावर?"

वासंतीबाई तोंड पुसत आल्या. वीणा एकदा बाहुलीकडे, एकदा सासूकडे बघत होती. गॅसच्या बटणाकडे बघायची तशी.

सुनंदाबाई गेल्यावर वीणा जवळ येऊन बसली. मुलगी वाईट नव्हती हो. तिनं सासूचा हात हातात घेतला. "आई, तुम्ही थकलाय. ऑफिसजवळ एक क्रेश आहे, पाळणाघर. मी नुसतं विचारून ठेवते. जस्ट बॅकअप म्हणून."

"विचार," वासंतीबाई म्हणाल्या. आणि दुपट्याची घडी करू लागल्या.

५

नवमीला आयुधपूजा. त्या दिवशी बंगळुरात चाकालाही कुंकू लागतं आणि चाकूलाही. रस्त्यात जागोजागी कोहळे फोडलेले, स्कूटरच्या पुढं लिंबं चिरडलेली, घरोघर चुरमुऱ्यांची पुडकी. वासंतीबाईंच्या घरी सुरी, विळी, शिवणयंत्र, शाळेची कंपासपेटी, यंदा वीणाचा कॅल्क्युलेटरसुद्धा. घराचा नियम असा, की पूजेला बसलेल्या आयुधाला दशमीपर्यंत हात लावायचा नाही. वर्षभर ते आपल्यासाठी राबतं, एक दिवस त्यालाही विश्रांती.

"कॅमेरा राहिला की तुझा," त्या व्यंकटेशला म्हणाल्या.

"हा घे कॅमेरा. बॅटरी आत्ताच मागं चार्जिंगला लावलीय."

"तिलाही गंध-फूल हवं. तू राहू दे, मी तिथंच करते."

आणि केलं. आदल्या दिवसापासून ज्या बाईला आपल्यात काहीच धड उरलं नाही असं वाटत होतं, तिला निदान कुळाचार तरी चोख करायचा होता. त्यांनी गुडघे टेकून एक छोटा पाट फटीत सरकवला, त्यावर चार्जर आणि बॅटरी चढवली, ओल्या गंधाचा ठसठशीत टिळा बॅटरीला लावला, झेंडूचं फूल ठेवलं.

"अम्मा, चार्ज झालं की ती काढावी लागते. मी ऑफिसची पूजा आटपून दुपारी येतो, तेव्हा..."

"हात लावायचा नाही म्हटलं ना!"

"बरं, मग आत्ताच बटण बंद करतो."

"पूजा झालीय तिची. आता उद्या. एक दिवस तुझ्या यंत्राला बसू दे की गप!"

यंत्र बसणार होतं, पण वीज बसणार नव्हती, हे त्या क्षणी दोघांच्याही डोक्यात शिरलं नाही. व्यंकटेश हसला. "सरी अम्मा, बरं," म्हणाला आणि स्कूटरला हार घालून ऑफिसला गेला.

६

दुपारी जेवणात पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, आणि खीर झाली. वीणा वर गेली. पण जाताना पाळण्यापाशी थांबून एकदा सासूकडे बघून गेली. वासंतीबाईंनी दोरी धरली. शाल्मली डोळे टक्क उघडे ठेवून पडली होती.

त्या आज झोपणार नव्हत्या. हे माझंच डोकं असेल तर आज मला ते रंगेहाथ पकडायचंय, असं त्यांनी ठरवलं होतं. पायऱ्यांकडे पाठ करून बसल्या, पाढे म्हणू लागल्या. एकोणतीसच्या पाढ्यावर होत्या तेव्हा मागून आवाज आला.

थप. थप. थप.

त्यांचा एक हात दोरीवर होता, दुसरा मांडीवर. दोन्ही हात त्यांनी नीट बघून घेतले. थोपटणारा हात त्यांचा नव्हता. इतक्या भीतीतही त्यांच्या मनात पहिला विचार आला तो सुटकेचा: मी नाही. देवा, मी नाही!

मग त्या वळल्या.

वरच्या पायरीच्या उजव्या टोकाला धोतराची कड उचललेली होती, आणि त्या घडीतून मनगटापर्यंत एक हात बाहेर आला होता. बाईचा. लहानसर, भरलेला, बांगडी नसलेला; नखांत हळद. मागं माणूस मावायची सोय नव्हती. वीतभर फट ती, आणि हात आला होता तो अगदी वरच्या पायरीवर, भिंतीच्या बाजूनं. तो राजाला थोपटत होता. सावकाश, मन लावून, घाई कसली ती नाही. वासंतीबाईंना सासूबाईंचा हात ओळखीचा होता, आईचा होता, आजीचा होता. हा त्यांतला कुठलाच नव्हता.



हात थांबला. राजाला सोडून त्यानं शेजारच्या धोतरावर पालथा पंजा टेकला. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर आपण ठेवतो तसा. तिथं तो घटकाभर राहिला. आणि मग चटका बसावा तसा झटकन आत ओढला गेला. धोतराची कड खाली पडली.

आता पायऱ्यांच्या मागून दुसरा आवाज येत होता. बारीक, सुर्रकन, शिट्टी फुटायच्या आधी कुकर करतो तसा. तो गोड उग्र वास भपकन आला.

वासंतीबाई उठल्या कशा, हे त्यांनाही सांगता येत नाही. शाल्मलीला आधी उचललं. "वीणा!" असं ओरडल्या की शेजारच्या गल्लीत ऐकू गेलं असेल. वीणा जिन्यावरून धावत आली. "घे हिला! बाहेर हो, फाटकापाशी जा!"

"आई, काय झालंय तुम्हाला?"

"जा म्हटलं ना!"

वीणानं मुलीला घेतलं आणि दारापर्यंत जाऊन वळून बघितलं. तिला दिसलं ते असं, की भर नवमीला सासू गोंबे ओरबाडून खाली टाकतेय. धोतर ओढलं, बाहुल्या जमिनीवर, डबे लाथेनं बाजूला, पुस्तकं भिरकावलेली. वीणा रडायलाच लागली. "आई, नका ना असं करू, नका ना..."

उजवीकडची ट्रंक, राजा रोज निजायचा नेमकी त्याखालची, सरकली तशी फट उघडी पडली. वासंतीबाईंनी आधी बटण बंद केलं. मागचा साडीचा बोळा तपकिरी पडून धुमसत होता; तो ओढून टाकला. आणि पाटावर ती बॅटरी. सकाळी चपटी होती, आता तिचं पोट पुरीसारखं टम्म फुगलं होतं, गंधाचा टिळा तडकला होता, शिवणीतून पांढरी वाफ निघत होती. वायर उपसून त्यांनी तो पाटच दोन्ही हातांनी उचलला. अंगापासून लांब धरून त्या हॉल ओलांडून, पायऱ्या उतरून अंगणात गेल्या आणि कडप्प्याच्या फरशीवर तो ठेवून मागं झाल्या.

तेवढाच अवकाश मिळाला. बॅटरी फुटली. ज्वाळा अशी सरळ सूं करत निघाली की पाट पेटला, झेंडू क्षणात काळा झाला, आणि जळते तुकडे अंगणभर उडाले. एकदा विझलीसं वाटलं आणि पुन्हा भडकली. वासंतीबाई लांबून बघत होत्या. त्यांच्या भुवया होरपळल्या होत्या. फाटकापाशी वीणा लेकीला छातीशी घट्ट धरून उभी होती. तिचं रडं थांबलं होतं. ती ज्वाळेकडे बघत नव्हती, उघड्या दारातून दिसणाऱ्या पाळण्याकडे बघत होती.

७

व्यंकटेश आला तेव्हा अंगणात काळा डाग आणि कोळसा झालेला पाट उरला होता. तो मटकन पायरीवर बसला. "व्होल्टेज मॅच होत होतं गं," एवढंच दोनदा म्हणाला. मग आईवर चिडला. "आणि हातात काय घेतलीस! हातात फुटली असती तर? माणसांनी बाहेर पळायचं असतं!" मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. जुना चार्जर भरलेल्या बॅटरीतही वीज कोंबत राहतो, हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. ओल्या गंधानं पितळी टोकं जोडली गेली असतील, हेही. पण ते सगळं नंतरचं.

संध्याकाळी वासंतीबाईंनी वीणाला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. राजा, दुपटं, आवाज, हात. काही राखून ठेवलं नाही.

"हात मी पाहिला तो खरा असेल किंवा माझं डोकं फिरलं असेल," त्या म्हणाल्या. "पण बॅटरीची पूजा माझी, आणि बटण बंद करू न देणारीही मीच. तू शाल्मलीला क्रेशमध्ये ठेव. मला वाईट वाटेल, पण राग येणार नाही."

वीणानं शाल्मलीला मांडीवर सरळ केलं.

"आई, ते थोपटणं..." ती हळूच म्हणाली. "मी वर पडले की रोज ऐकायचे. इतकं छान वाटायचं ना, त्यावर मलाच झोप लागायची. मला वाटायचं तुम्हीच. मागच्या रविवारी तुम्ही सुनंदाबाईंकडे गेला होतात ना, व्यंकटेश घरी होता? त्या दुपारीही ऐकलं. व्यंकटेश थोपटतोय म्हणून मी जिन्यातून डोकावले. तो खुर्चीत घोरत होता. मी परत वर गेले आणि स्वतःला म्हटलं, भास झाला. मी तर तुम्हाला विचारलंसुद्धा नाही."

 मग वासंतीबाईंना हसू आलं आणि हसता हसता त्या रडल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना श्वास मोकळा घेता आला. भुतांचा राग करणारी ती बाई, तिनं त्या रिकाम्या भिंतीकडे बघून हात जोडले. कोण आहेस, कशाला आलीस, हे काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "फार उपकार झाले गं."

८

दशमीला राजा-राणी पुन्हा राहिलेल्या एका ट्रंकेवर बसवून आरती केली. राजाला वीणानं झोपवलं. तिनं आपल्या हातानं दुपट्याची घडी त्याच्यावर घातली आणि खोचली.

वासंतीबाईंनी कुंडीतल्या कोरफडीचं पान कापून गर काढला, एका वाटीत घोटला आणि ती वाटी भिंतीलगत, उजव्या बाजूला जमिनीवर ठेवली.

"हे काय आई?"

"भाजलं होतं तिला," वासंतीबाई म्हणाल्या. "मी बघितलं ना. आपल्यापायी भाजलं."

वीणा हसली नाही. व्यंकटेशनं विचारलं तेव्हा त्याला दोघींनीही काही सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी वीणा ऑफिसचे कपडे घालून खाली आली. आधी ती गॅसपाशी न जाता हॉलच्या भिंतीपाशी गेली. वाकून वाटीत बघितलं. मग सासूला हाक मारली. वाटीतल्या गरावरून बोटं ओढली गेली होती. चार बोटांच्या ओळी स्पष्ट होत्या, लहान लहान, आणि वाटीच्या काठाला हळद लागली होती.

 बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. वीणानं वाटी होती तिथंच ठेवली, शाल्मलीला कडेवरून काढून वासंतीबाईंच्या हातात दिलं, दुधाची बाटली कुठं आहे ते सांगितलं आणि पर्स खांद्याला लावली. क्रेशचा विषय निघाला नाही. दारापाशी जाऊन ती वळली. तिचा चेहरा जरासा घाबरलेला होता आणि डोळे भरून आलेले.

"येते मी आई," ती म्हणाली. "तुम्हा तिघींना काही लागलं तर ऑफिसला फोन करा."